रानटर्कीची वसंतातील शिकार आणि थंडी : प्रस्तावना

रानटर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत साधारण एप्रिलच्या मध्याला किंवा मेच्या आरंभी सुरू होतो आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. नाव वसंताचे असले तरी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, व्हर्मांट किंवा दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्स या भागांत तेव्हा हिवाळा सरलेला असतोच असे नाही. ओक आणि मेपल निष्पर्ण असतात, उत्तरेकडच्या उतारांवर जुना बर्फ साचलेला असतो, पहाटेचे तापमान शून्याखाली जाते आणि मधूनच नवी हिमवृष्टीही होते. २०१८ साली १३ ते १६ एप्रिल या काळात आलेल्या हिमवादळाने मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनला झोडपून काढले. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराच्या नोंदींत तो सर्वाधिक हिमवृष्टीचा एप्रिल ठरला. विस्कॉन्सिनमधील टर्कीचा हंगाम मात्र ठरल्याप्रमाणे, एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी, म्हणजे १८ तारखेला सुरू झाला.

अशा हंगामातील शिकार हा या प्रस्तावनेचा विषय आहे. उबदार, निवांत पहाटे टर्कीची शिकार मुख्यतः आवाजाची असते. शिकारी झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो, मादीच्या आवाजाची नक्कल करतो आणि उत्तर देत येणाऱ्या नराची वाट पाहतो. कडाक्याच्या थंडीत हा क्रम बिघडतो. नर कमी ओरडतो, माद्यांच्या थव्याला चिकटून राहतो आणि थव्याचा बराचसा दिवस अन्न व ऊब शोधण्यात जातो. म्हणून थंडीतल्या शिकाऱ्याला नकलेच्या कौशल्यापेक्षा पक्ष्याच्या दिनक्रमाचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. हे ज्ञान ज्याच्याकडे नाही तो गोठलेल्या रानात तासन्‌तास हाका घालत बसतो आणि टर्की दीड-दोन किलोमीटरवरच्या मक्याच्या शेतात चरत असतात.

रानटर्कीचे शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपावो. पूर्वेकडील पानझडी जंगलांतली ईस्टर्न, फ्लोरिडातील ऑसिओला, टेक्सासच्या बाजूची रिओ ग्रँड, पश्चिमेकडील डोंगराळ पाइनवनांतली मेरियम्स आणि मेक्सिकोच्या सीमेवरची गूल्ड्स या तिच्या शिकाऱ्यांना परिचित असलेल्या उपजाती आहेत. थंडीच्या संदर्भात ईस्टर्न आणि मेरियम्स या दोनच महत्त्वाच्या. ईस्टर्न उपजातीचा प्रौढ नर ८ ते ११ किलो भरतो, मादी त्याच्या जवळपास निम्मी. प्रौढ नराला तिथले शिकारी ‘टॉम’ किंवा ‘गॉबलर’ म्हणतात, वर्षभराच्या नराला ‘जेक’. नराच्या छातीतून केसांसारख्या राठ पिसांची दाढी लोंबते आणि पायांच्या मागच्या बाजूला काटे असतात. डोके व मान बोडकी असून उत्तेजित अवस्थेत ती लाल, पांढरी आणि निळी होते. हे तीन रंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण शिकाऱ्याच्या सुरक्षिततेशी त्यांचा थेट संबंध आहे.

टर्कीची नजर अतिशय तीक्ष्ण असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, रंग उत्तम कळतात आणि हालचाल तर क्षणात टिपली जाते. ऐकण्यातही ती पटाईत. वास घेण्याची क्षमता मात्र बेताची आहे, त्यामुळे हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा जितकी सांभाळावी लागते तितकी इथे लागत नाही. संशय आला की ती उडण्याआधी पळते, आणि पळणारी टर्की माणसाला सहज मागे टाकते.

पाळीव टर्कीचा उगम मेक्सिकोतील उपजातीत आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिशांनी ती युरोपात नेली आणि पोर्तुगीज जहाजांमधून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाईच्या वस्तू आणल्या त्यांत टर्कीही होती. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिचे काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाल-निळ्या डोक्याच्या बारकाव्यांसह काढलेले हे चित्र पाहिले की पक्ष्याची ठेवण चटकन ध्यानात येते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने शिकार हा आज मुख्यतः गुन्ह्याशी जोडलेला शब्द आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इथे हौशी शिकारीला जागा उरली नाही आणि ते योग्यच झाले. उत्तर अमेरिकेत मात्र रानटर्कीचे पुनरागमन शिकारीच्या परवान्यांशी आणि शिकाऱ्यांच्या पैशाशी जोडलेले आहे, त्यामुळे तो इतिहास थोडक्यात समजून घेणे आवश्यक ठरते. बेसुमार कत्तल आणि जंगलतोड यांमुळे एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांतून रानटर्की नाहीशी झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटची टर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली. १९३० च्या दशकापर्यंत सबंध देशातील संख्या दोन लाखांच्या आत आली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरील उत्पादन करातून येणारा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी राखून ठेवला. आरंभी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडले गेले, पण ते जगले नाहीत. आईच्या मागे फिरून रान शिकलेल्या पक्ष्याची जागा ते घेऊ शकले नाहीत. १९५१ च्या सुमारास तोफजाळ्याने, म्हणजे स्फोटाच्या जोरावर चरणाऱ्या थव्यावर फेकल्या जाणाऱ्या जाळ्याने, जिवंत रानपक्षी पकडण्याची रीत दक्षिण कॅरोलिनात यशस्वी झाली आणि चित्र पालटले.

त्यानंतरचे आकडे थक्क करणारे आहेत. १९६९-७० मध्ये न्यू यॉर्कमधून व्हर्मांटमध्ये ३१ पक्षी आणले गेले. १९७६ मध्ये मिझुरीने विस्कॉन्सिनला २९ रानटर्की दिल्या आणि बदल्यात ग्राउस पक्षी घेतले. १९७७-७८ मध्ये व्हर्मांटने मेनला ४१ पक्षी दिले. ब्लॅक हिल्समध्ये मेरियम्स टर्की मुळात नव्हतीच. १९४८ ते १९५१ या काळात ती न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतून आणून सोडली गेली. मूठभर पक्ष्यांपासून आज लाखोंचे थवे झाले आहेत. अलास्का सोडून सर्व राज्यांत आता रानटर्की आहे. अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती घरासमोरच्या हिरवळीवर किंवा ऑफिसच्या वाहनतळावर भेटते. या यशामुळेच थंडीचा प्रश्न उभा राहिला आहे, कारण पुनर्वसन करताना ही पाखरे त्यांच्या मूळ प्रदेशाच्या उत्तर टोकापर्यंत, आणि काही ठिकाणी त्याही पलीकडे नेली गेली. जिथे एप्रिलमध्ये हमखास बर्फ पडतो तिथेही आज त्यांची वीण होते.

वीण सुरू होण्याचे मुख्य कारण दिवसाची लांबी आहे. हिवाळा सरताना दिवस मोठा होऊ लागतो, वाढलेला प्रकाश मेंदूतील केंद्रांना चेतवतो, संप्रेरके पाझरू लागतात आणि नराचे वृषण वाढतात. त्यानंतर तो पिसारा फुलवतो, पंख जमिनीवर घासत मिरवतो आणि पहाटे झाडावरूनच गळा काढून ओरडतो. दिवसाची लांबी दर वर्षी त्याच तारखेला तितकीच असते, म्हणून विणीचे वेळापत्रक मोठ्या प्रमाणावर पक्के राहते. थंडीने ते काही दिवस पुढेमागे होते, रद्द होत नाही. वसंतात बर्फ पडला म्हणून हंगाम वाया गेला असे मानणारा शिकारी इथेच चुकतो. बर्फावर उभा असलेला नरही विणीच्या पूर्ण तयारीत असतो. वीण सुरू होण्यापूर्वी नराच्या छातीवर चरबीचा जाड थर साठतो आणि मिरवण्याच्या धामधुमीत खाणे कमी झाले तरी तो त्यावर तगतो.

तरीही थंडीत रान गप्प का असते, याचे उत्तर थव्यांच्या रचनेत आहे. हिवाळ्यात टर्की मोठ्या थव्यांनी राहतात. माद्या आणि त्यांची त्या वर्षीची पिल्ले एकत्र असतात, प्रौढ नर वेगळे. उत्तरेकडील राज्यांत हे थवे दऱ्यांच्या तळाशी, दुग्धशाळांच्या शेतांजवळ, मक्याच्या खुंटांत किंवा गुरांचे शेण पसरलेल्या जमिनीवर जमतात, कारण बर्फाच्या दिवसांत दाणा तिथेच मिळतो. बर्फ वितळला की थवे फुटतात, माद्या अंडी घालण्याच्या जागा शोधत कित्येक किलोमीटर पांगतात आणि नर त्यांच्यामागे जातात. नरांच्या ओरडण्याला वसंतात साधारण दोनदा भर येतो. थवे फुटण्याच्या सुमारास पहिला, आणि बहुतेक माद्या अंड्यांवर बसल्यामुळे नर एकटे पडतात तेव्हा दुसरा. वसंत लांबला की पहिला टप्पाच रेंगाळतो. माद्या थव्यातच राहतात, वरचढ नराला त्या नजरेसमोर दिसत असतात, आणि ज्याच्या भोवती दहा माद्या आहेत त्याला दूरवरून येणाऱ्या एका हाकेसाठी जागा सोडण्याचे कारण उरत नाही. दुय्यम नर मार खाण्याच्या भीतीने गप्प राहतात.

यावरून शिकारीपूर्वीच्या पाहणीचा एक महत्त्वाचा नियम निघतो. मार्चमध्ये जिथे शंभर टर्की दिसल्या तिथे एप्रिलअखेरीस एकही नसण्याची शक्यता असते, म्हणून हिवाळी थव्याच्या जागेवर विसंबू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. थंड वर्षी हाच सल्ला उलटा लागू पडतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातही थवे हिवाळी जागा सोडत नाहीत, आणि एरवी भरवशाचे असलेले डोंगरमाथे ओस पडलेले असतात. शोध मक्याच्या शेताच्या कडेपासून सुरू करावा आणि तिथून जवळच्या रातथाऱ्यांकडे, म्हणजे रात्री झोपण्याच्या झाडांकडे, जावे.

रातथाऱ्याची निवड हा थंडीतील टर्कीच्या जीवनातील कळीचा निर्णय आहे. टर्की रात्री झाडावर झोपते. थंडी आणि वारा वाढला की ती उघड्या ओकऐवजी हेमलॉक, पांढरा पाइन अशा सदाहरित झाडांच्या दाट फांद्यांत शिरते. तिथे वारा कमी लागतो आणि शरीरातील उष्णता मोकळ्या आकाशाकडे कमी निसटते. ब्लॅक हिल्समध्ये हीच गरज पाँडेरोसा पाइन भागवतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा उतार, पायथा आणि माथा यांच्या मध्ये असलेला सपाट टप्पा, जवळ खाण्याची सोय असे तिन्ही जुळून आलेले सदाहरित झाडांचे बेट सापडले तर तिथे विष्ठा आणि गळालेली पिसे हमखास मिळतात. भुसभुशीत बर्फ सुमारे ३० सेंटिमीटरहून खोल झाला की टर्कीला चालणे कठीण होते. अशा वेळी थवा दिवसच्या दिवस झाडावर बसून राहतो. निरोगी प्रौढ पक्षी अन्नाशिवाय आठवडाभराहून अधिक काळ तग धरू शकतो, पण त्यात तो बरेच वजन गमावतो. झाडावर बसलेल्या पक्ष्यावर गोळी झाडणे अनेक राज्यांत कायद्याने मना आहे. उपासमारीने जखडलेल्या थव्याच्या बाबतीत तर तो निव्वळ क्रूरपणा आहे. तशा दिवशी थव्याला उठवू नये, रातथाऱ्याखालून जाऊही नये.

नेहमीच्या थंड दिवसाचा क्रम असा असतो. उबदार पहाटे उजाडता उजाडता खाली उतरणारे पक्षी थंडीत, धुक्यात किंवा हिमवृष्टीत उशिरा उतरतात, कधी सूर्य वर आल्यावर. उतरल्यावर थवा सरळ खाण्याच्या जागी जातो, कारण रात्रभर ऊब राखण्यात खर्च झालेली शक्ती आधी भरून काढायची असते. ओढ्याकाठी झऱ्याच्या उगमाशी जमिनीतून निघणारे पाणी गोठत नाही, त्यामुळे तेवढा पट्टा बर्फमुक्त राहतो आणि तिथे हिरवे कोंब, किडे व ओकची फळे सापडतात. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवरचा बर्फ आधी वितळतो. ऊन वर आले की थवा तिथे येतो, पिसे झटकतो, आणि मग नर मिरवायला लागतो. नऊ ते अकरा या वेळात, पोट भरल्यावर आणि अंग तापल्यावर, सकाळभर मुका असलेला नर अचानक ओरडू लागतो. थंडीतल्या शिकारीत ही वेळ पहाटेपेक्षा मोलाची आहे. पहाटे चारला घर सोडून सकाळी आठला परतणाऱ्या शिकाऱ्याला ती कधीच मिळत नाही. न्यू यॉर्कसारख्या राज्यात वसंतातील शिकार दुपारी बारा वाजेपर्यंतच चालते, म्हणून तिथे उशिराची सकाळ अधिकच जपून वापरावी लागते.

पाऊस किंवा ओला बर्फ पडत असताना थवे रान सोडून उघड्या शेतात येतात. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजात शत्रूची चाहूल लागत नाही, मोकळ्यावर निदान डोळ्यांचा उपयोग होतो. जोराचा वारा सुटला की ते वाऱ्याच्या आडोशाला, खोलगट भागात जातात. वारा आणि पाऊस हे दोन्ही नराचे ओरडणे कमी करतात. कोरडी, निवांत थंडी त्यामानाने कमी अडथळा आणते. वादळ ओसरल्यानंतरची पहिली निरभ्र, वाराहीन सकाळ सोडू नये.

बर्फ शिकाऱ्याला त्रास देतो तशीच एक मोठी देणगीही देतो, ती म्हणजे माग. कोरड्या पाचोळ्यावर जे वाचता येत नाही ते ताज्या बर्फावर उघडे पडते. तीन बोटांच्या ठशांत मधले बोट लांब आणि जाड असेल तर तो प्रौढ नराचा पाय समजावा. मादीचा ठसा लहान आणि बारीक असतो. नराची विष्ठा लांबट, टोकाला वळलेली असते, मादीची गुंडाळलेल्या ढेकळासारखी. सर्वांत बोलकी खूण मात्र मिरवणुकीची. पिसारा फुलवलेला नर पंखांची टोके खाली घासत चालतो, त्यामुळे ठशांच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा उमटतात. एकाच मोकळ्या जागी अशा रेघांचे जाळे दिसले तर ती त्याची रोजची मिरवण्याची जागा आहे आणि तो तिथे पुन्हा येईल. रात्रीच्या बर्फावर सकाळी उमटलेले ठसे थव्याचा वेळ आणि वाट दोन्ही सांगतात. पाठलाग करू नये, कारण टर्की मागून येणाऱ्याला फार लवकर ओळखते. ठशांवरून दिशा घ्यावी, लांबून वळसा घालावा आणि थव्याच्या पुढे जाऊन बसावे.

दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर कडक पापुद्रा धरतो आणि प्रत्येक पावलाला तो करकरतो. अशा सकाळी अंधार असतानाच जागेवर पोचून बसणे बरे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळपट टर्की दुरून दिसते, तसाच माणूसही दिसतो. पाने नसल्याने आडोसा विरळ असतो. खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाठीशी घ्यावा. त्याने शरीराची आकृती मोडते आणि मागून कोणी चुकून गोळी झाडली तर रक्षणही होते. बर्फात मिसळून जावे म्हणून पांढरे कपडे घालण्याचा मोह पडतो, तो टाळलेलाच बरा. लाल, पांढरा आणि निळा हे नराच्या डोक्याचे रंग आहेत, आणि वसंतातील शिकारीत झुडपामागे हलणारा पांढरा ठिपका दुसऱ्या शिकाऱ्याला टर्कीच वाटू शकतो. टर्कीच्या शिकारीतील अपघातांत माणसाला पक्षी समजून गोळी झाडण्याचा प्रकार नेहमीचा आहे. पांढरा हातमोजा, निळी लोकरी टोपी, लाल थर्मास यांतले काहीही उघडे राहता कामा नये. जागा बदलताना किंवा मारलेला पक्षी खांद्यावरून नेताना भडक नारिंगी कापड अंगावर घ्यावे.

हाकांचे तंत्र थंडीत बदलते. मादी ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा जो आवाज काढते त्याला शिकारी ‘येल्प’ म्हणतात, एकेकट्या तुटक आवाजाला ‘क्लक’, आणि चरताना ती मंद घरघर करते. माद्यांनी वेढलेल्या नराला येल्पने ओढून आणणे अवघड. तिथे थव्यातील वरचढ मादीशी बोलावे. ती जसा आवाज काढील तसाच, तिच्या पाठोपाठ, किंचित उद्धटपणे काढला की नव्या मादीला हुसकावण्यासाठी ती स्वतः पुढे येते आणि तिच्यामागून नर येतो. एरवी चरणाऱ्या थव्याचे मंद आवाज आणि पायाने पाचोळा उकरण्याची नक्कल एवढे पुरते. निवांत, गोठलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज खालीच वळत राहतो आणि दूर जातो. ओरडणारा नर वाटतो त्याहून लांब असतो. ताज्या भुसभुशीत बर्फाने उलट परिणाम होतो, तो आवाज शोषून घेतो आणि जवळचा नरही दूरचा भासतो.

हाकेची साधनेही थंडीत हट्टी होतात. लाकडी पेटीचा कॉल, ज्याचे पेटंट अर्कान्सातील हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये मिळवले, खडूने माखलेल्या लाकडांच्या घर्षणावर चालतो. त्यावर बर्फाचे पाणी लागले की तो मुका होतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीतच वाजवता येतो. पाटीच्या दगडाच्या गोल कॉललाही हीच अडचण; काच किंवा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ओल बरी सोसतो. तोंडात धरायचा रबरी पडद्याचा कॉल ओलीची पर्वा करत नाही आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो, म्हणून बर्फात तो सर्वांत भरवशाचा. त्याचे रबर थंडीत ताठरते, तेव्हा तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा.

बंदुकीच्या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही. छऱ्यांची १२ किंवा २० गेजची बंदूक, नळीचे तोंड आवळणारा चोक, आणि डोके-मानेवर नेम. जाड वंगण थंडीत घट्ट होते आणि चाप-घोड्याची यंत्रणा मंदावते, म्हणून जुने तेल पुसून अगदी पातळ हात द्यावा. थंड हवा दाट असते; शून्य अंशाला ती वीस अंशांपेक्षा सुमारे सात टक्के दाट. छर्रे थोडे लवकर वेग गमावतात, आणि गारठलेली दारूही किंचित मंद पेटते. शिशाहून कितीतरी जड असणाऱ्या टंगस्टनच्या छऱ्यांनी हा तोटा भरून निघतो, पण जाड कपड्यांमुळे बंदूक खांद्यावर नीट बसत नाही ही अडचण उरतेच. ३५-४० यार्डांची मर्यादा थंडीत आणखी आखडती घ्यावी आणि हंगामापूर्वी त्याच कपड्यांत, तशाच थंडीत कागदावर बार काढून पाहावेत. नळीत बर्फ गेला आहे का हे प्रत्येक वेळी, बंदूक रिकामी करून, तपासावे. बर्फाने तुंबलेली नळी फुटू शकते.

थंडीचा खरा धोका शिकाऱ्याच्या शरीराला आहे. हरणाच्या शिकारीतला माणूस निदान मचाणावर अंग हलवू शकतो. टर्कीसमोर बोटही हलवता येत नाही. डोंगर चढताना आलेला घाम बसल्यावर गार पडतो आणि दोन तासांत कुडकुडी भरते. ओला सुती कपडा उष्णता झपाट्याने काढून घेतो. अंगालगत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धागा, त्यावर उबदार थर, सर्वांत बाहेर वारा अडवणारे आणि न सळसळणारे कापड, अशी रचना करावी. चालताना मधला थर पाठीवरच्या पिशवीत ठेवावा आणि बसण्यापूर्वी घालावा. गोठलेल्या जमिनीवर थेट बसल्यास ती उष्णता सतत शोषत राहते, म्हणून जाड फोमची बैठक आवश्यक आहे. बंद तंबूत गॅसची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. बोलणे अडखळू लागले, बोटांना चाप जाणवेनासा झाला, की शिकार तिथेच थांबवावी. ज्याला स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही त्याने भरलेली बंदूक हातात धरू नये.

थंड वसंताचा भार सर्वांत जास्त मादीवर पडतो. ती जमिनीवर उथळ खळग्यात साधारण १० ते १२ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. उशिराच्या बर्फाने घरटे गाडले गेले तर ती ते सोडू शकते. बहुधा पुन्हा प्रयत्न करते, पण दुसऱ्या खेपेस अंडी कमी असतात. जूनच्या आरंभी अंड्यातून निघालेली पिल्ले पहिले काही दिवस शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाहीत, आणि भिजलेले पिल्लू थंडीत जगत नाही. म्हणून वसंतात दाढी असलेला पक्षी किंवा नरच मारण्याची परवानगी असते, आणि बहुसंख्य माद्यांचा समागम होऊन गेलेला असेल अशा बेताने हंगामाच्या तारखा ठरवल्या जातात. अलीकडे काही राज्यांत टर्कीची संख्या घटू लागल्याने या तारखांकडे अधिक काळजीने पाहिले जाते. टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम सुमारे दोन आठवडे पुढे नेला आणि हंगामात मारण्याच्या नरांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. या उपायांमागे वीण निर्वेध व्हावी हाच विचार आहे.

थंड वर्षी माद्या आणि नर एकाच घोळक्यात चरत असतात, तेव्हा एका बाराने मागे उभ्या असलेल्या मादीलाही छर्रे लागण्याची शक्यता वाढते. नर घोळक्यापासून अलग होईपर्यंत थांबावे. तो झालाच नाही तर बंदूक खाली ठेवावी. मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद त्याच दिवशी वन्यजीव खात्याकडे करावी, आणि उन्हाळ्यात पिल्लांसह फिरणाऱ्या माद्यांच्या गणनेसाठी खात्याने माहिती मागितल्यास, त्या वसंतात एकही नर मिळाला नसला तरी, ती अवश्य कळवावी. पुढच्या वर्षीच्या तारखा आणि मर्यादा याच नोंदींवर ठरतात.